कॉफी मशीन थांबवा, कविता चालू आहे

आधी निकाल सांगते, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचावं लागणार नाही. या कॅफेतली कवितांची संध्याकाळ जाण्यासारखी आहे. काउंटरजवळ बसू नका. पुस्तकांच्या भिंतीला पाठ लावून, हॉलच्या साधारण मध्यावर जागा धरा. मध्यंतरानंतरचा भाग चुकवू नका, कारण बरं लिहिणारी पोरं लाजाळू असतात आणि यादीत नाव उशिरा घालतात. कॉफी ठीक आहे. सूत्रसंचालक गोड मुलगा आहे, पण त्याच्या हातून वेळेवर माइक काढून घ्यायला कुणाची तरी नेमणूक करायला हवी.

कॅफेचं नाव देत नाही. खाली तक्रारी बऱ्याच आहेत आणि मालक भला माणूस आहे. शिवाय अशा जागा आता सगळीकडे इतक्या सारख्या दिसतात की तुम्ही जाता त्या कॅफेबद्दलच लिहिलंय असं तुम्हाला वाटलं, तर तेही चालेल.

माझ्याबद्दल दोन गोष्टी सांगणं भाग आहे. मी साउंड रेकॉर्डिस्ट. डबिंग, जाहिराती, अलीकडे ऑडिओबुकं. काचेपलीकडे बसलेल्या माणसाला दिवसभर ‘परत एकदा घेऊ या, भ फुटला’ असं सांगणं, हे माझं काम. त्यामुळे मी कविता आधी कानाने ऐकते आणि मग जमलं तर मनाने. दुसरी गोष्ट, माझी भाची तिथे कविता वाचते. तिच्या कवितांबद्दल इथे एक अक्षर येणार नाही. तशी तंबीच आहे. ‘मावशी, तू माइकबद्दल लिही हं, कवितांबद्दल नको,’ असं ती म्हणाली. ते वचन मी फक्त तिच्या कवितांपुरतं पाळते आहे.

जागा लांबट आणि अरुंद. एका बाजूला रस्त्याकडची मोठी काच, समोरच्या भिंतीला छतापर्यंत पुस्तकं, खाली गुळगुळीत फरशी, वर उघडे पाइप. कोणत्याही दोन खुर्च्या एकमेकींशी जुळत नाहीत, हे मुद्दाम केलेलं आहे. कोपऱ्यात एक टाइपरायटर आहे, त्याची रिबन कधीच वाळून गेली. भिंतीवर काळे स्वेटर घातलेल्या, दाढी वाढवलेल्या पुरुषांचे फोटो. दिवे इतके मंद आणि पिवळे की कवीला कागद दिव्याखाली धरावा लागतो, आणि तसा धरला की त्याचा चेहरा अंधारात जातो. कलंदरपणा हल्ली असा फर्निचरबरोबर विकत मिळतो. ज्या जागांची ही नक्कल आहे त्या जागा कशा होत्या? सॅन फ्रान्सिस्कोमध्ये ७ ऑक्टोबर १९५५ च्या रात्री ॲलन गिन्सबर्ग या अमेरिकन कवीने पुढे खटल्यापर्यंत गेलेली ‘हाउल’ ही लांबलचक कविता पहिल्यांदा लोकांसमोर वाचली, ती सिक्स गॅलरी मुळात मोटारदुरुस्तीचं गॅरेज होती. न्यू यॉर्कच्या मॅकडूगल स्ट्रीटवर १९५८ साली सुरू झालेलं गॅसलाइट कॅफे तळघरात होतं. तिथे कुणी शोभेचा टाइपरायटर मांडला नसावा. असलाच तर त्यावर कुणीतरी टाइप करत असणार.

मला सजावटीचं वावडं नाही. पण ही सजावट निवडणाऱ्याने कानाचा विचार केलेला नाही. काच आणि फरशी आवाज जसाच्या तसा परत फेकतात. त्या हॉलमध्ये आवाजाची खरी काळजी घेतं ते पुस्तकांचं कपाट. वेगवेगळ्या जाडीची, पुढेमागे सरकलेली पुस्तकं आवाज विखुरतात आणि थोडा शोषूनही घेतात. आमच्या व्यवसायात यासाठी पैसे मोजून पॅनेल बसवतात. म्हणून म्हटलं, त्या भिंतीशी बसा. संयोजक पोरं संध्याकाळी रिकाम्या हॉलमध्ये साउंड चेक करतात. रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमतो, म्हणून ती व्हॉल्यूम खाली आणतात. मग माणसं येतात, हॉल भरतो, त्यांचे कपडे आणि अंगं तो घुमारा गिळून टाकतात, आणि मागच्या दोन रांगांना ओळींचे नुसते शेवट ऐकू येतात. पहिला कवी उभा राहिला की एकदा मागे जाऊन ऐकायचं, एवढंच करायला हवं. ते कुणी करत नाही.

आता मशीन. माझी मुख्य तक्रार तिच्याबद्दल आहे.

एस्प्रेसो बनताना साधारण नऊ बार दाबाने पंचवीस-तीस सेकंद पाणी उतरतं. तो आवाज खर्जातला आणि सौम्य, त्याने फारसं बिघडत नाही. ग्राइंडर कर्कश, पण काही सेकंदांचा खेळ. खरा घात करते ती दूध फेसाळणारी वाफेची नळी. तिचा फुत्कार नेमका तिथे पसरतो जिथे भाषेची व्यंजनं राहतात, म्हणजे ढोबळमानाने दोन ते आठ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात. स्वर खालच्या पट्ट्यात असतात, ते वाचतात. त्यामुळे होतं काय, की कवी काहीतरी म्हणतो आहे हे कळतं, सूर कळतो, दुःखी आहे की चिडलाय हेही कळतं, आणि तो नेमकं काय म्हणाला तेवढंच कळत नाही. स, श, च, त वाफेत जातात आणि उरतात आ, ओ, ई. गाण्यात याने फार अडत नाही, कवितेत मात्र सगळंच अडतं.

आणि तरीही या कॅफेला मी इतक्या सहज माफ करते, त्याचं कारण काउंटरवरची मुलगी. ती कविता ऐकते. दूध पातेलीत ओतून, नळी त्यात बुडवून, हात मुठीवर ठेवून ती थांबलेली असते. डोळे कवीवर. कविता संपली, टाळ्या सुरू झाल्या, की वाफ सोडते. टाळ्यांच्या आवाजात दोन कॅपुचिनो होतात. हे तिला कुणी शिकवलेलं नाही, मी विचारलं. मी असंही विचारलं, की कविता संपत आलीय हे तुला कळतं कसं? ती म्हणाली, ‘ताई, कागद असेल तर कळतं. शेवटचं पान दिसतं ना. फोनवरून वाचायला लागले की काहीच कळत नाही.’

काव्यवाचनाबद्दल इतकं नेमकं निरीक्षण मी क्वचितच ऐकलंय. फोनमधली कविता किती उरली आहे, हे वाचणाऱ्याशिवाय कुणालाच माहीत नसतं. कागदावर ऐकणाऱ्याला डोळ्यांनी हिशेब लागतो: तीन पानं होती, दोन मागे गेली, आता तिसऱ्याच्या तळाशी नजर आहे. शेवट येतोय हे आधी कळलं की माणूस शेवटासाठी तयार होतो, जरा पुढे सरकून बसतो. फोनवाला कवी अंगठा वर सरकवत राहतो आणि मग अचानक ‘धन्यवाद’ म्हणतो. सगळे दचकून टाळ्या वाजवतात. शेवटची ओळ कुणाच्याच वाट्याला येत नाही. शिवाय फोनवर कवितेच्या मध्येच मेसेज येतो, कवीची नजर वरच्या पट्टीकडे जाते, आणि तिथे ओळ अडखळते. हे मी एकाच संध्याकाळी तिघांच्या बाबतीत पाहिलं. एकाने तर अडखळून मेसेज वाचला, किंचित हसला, आणि आईच्या आजारपणावरची कविता पुढे चालू केली.

माइक आहे तो नेहमीचा, शुअरचा एसएम५८. १९६६ साली आलेलं हे मॉडेल आजही जगभरच्या मंचांवर दिसतं. दणकट माइक, पडला तरी चालतो. समोरचं ऐकतो आणि मागचं बरंचसं टाळतो, म्हणूनच गोंगाटाच्या जागेत उपयोगी. पण कॅफेवाल्यांनी स्पीकर ठेवलाय कुठे, तर कवीच्या डोक्यामागच्या कपाटावर, तोंड सरळ माइककडे. म्हणजे माइकच्या उघड्या कानातच स्पीकर ओरडतो, आणि जरा आवाज वाढवला की शिट्टी. मग पुन्हा व्हॉल्यूम खाली. स्पीकर कवीच्या पुढे आणा, श्रोत्यांकडे वळवा आणि माइकची पाठ त्याच्याकडे करा, अर्धं दुखणं तिथेच बरं होईल. मालकांना मी हे सांगितलं. ‘तिथे झाड आहे हो,’ असं ते म्हणाले. आहे खरं, मोठ्या कुंडीत, आणि ते प्लास्टिकचं आहे.

पोरांना माइकशी वागायला कुणी शिकवत नाही, हे दुसरं. दोन टोकं दिसतात. काही जण त्याला घाबरून हातभर लांब उभे राहतात. तोंड आणि माइक यांतलं अंतर दुप्पट झालं की पोचणारा आवाज सहा डेसिबलने उतरतो, म्हणजे मागच्या रांगेतला कवितेपासून आपोआप बाहेर. दुसरे जाळीला ओठ टेकवून वाचतात. अशाने आवाजातला खर्ज फुगतो, कवीला स्वतःचा आवाज भारदस्त वाटतो आणि ऐकणाऱ्याला शब्द गाळात रुतल्यासारखे वाटतात. त्यातून आपल्या भाषेत महाप्राण अक्षरं पुष्कळ: ख, थ, फ, भ. प्रत्येकाबरोबर हवेचा एक झोत माइकवर आदळतो. ‘भूक’ आणि ‘फाटकं’ हे शब्द तरुण कवींना फार आवडतात. स्पीकरमधून ते धपधप ऐकू येतात. उपाय सोपा आहे. तोंडापासून चार बोटं अंतर ठेवा आणि माइक थोडा एका बाजूला, ओठांच्या कोपऱ्याशी तिरका धरा. हवा सरळ निघून जाते, आवाज तेवढा माइकमध्ये जातो. माझ्या भाचीला हे जमतं. (हे कवितेबद्दल नाही, माइकबद्दल आहे, तेव्हा वचन मोडलेलं नाही.)

आता कवी.

यादी फार लांब असते. वीस-बावीस नावं, कधी त्याहून जास्त. कुणाला नाही म्हणायचं नाही हे संयोजकांचं तत्त्व आहे, आणि तत्त्व म्हणून ते चांगलंच. पण पंधराव्या कवीनंतर माणूस ऐकत नाही, नुसता बसतो. सिक्स गॅलरीच्या त्या रात्री पाचच कवी होते आणि सहावा, वयाने मोठा केनेथ रेक्सरॉथ, ओळख करून द्यायला. गिन्सबर्ग मध्यंतरानंतर उभा राहिला. पाचांची रात्र लोकांच्या लक्षात राहिली. बावीस जणांची रात्र पार्किंगपर्यंतही लक्षात राहत नाही.

वेळेचं बंधन कागदावर आहे, तीन मिनिटांचं. शिकागोत बांधकामावर काम करणाऱ्या मार्क स्मिथने १९८६ साली ग्रीन मिल नावाच्या क्लबमध्ये कवितांची चुरस सुरू केली, त्या खेळातून ही तीन मिनिटं जगभर पसरली. त्यात प्रेक्षकांतूनच पाच परीक्षक उचलतात, ते शून्य ते दहा गुण देतात, सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा गुण काढून टाकतात आणि उरलेल्या तिघांची बेरीज होते. आमच्या सूत्रसंचालकाला हे गुणांचं प्रकरणही आणायचं आहे. माझं मत विचाराल तर वेळ आणा, गुण नकोत. गुण आले की तिसऱ्या आठवड्यापासून सगळे त्याच सुरात ओरडायला लागतील, कारण ओरडण्याला गुण पडतात. तीन मिनिटं मात्र पुष्कळ असतात. सावकाश वाचलं तरी साडेतीनशेच्या आसपास शब्द बसतात. अडचण ही, की त्यातली दीड मिनिटं प्रस्तावनेत जातात. ‘ही कविता अजून पूर्ण नाहीये’, ‘ही काल रात्री अडीच वाजता सुचली’, ‘म्हणजे ही तशी कविता पण नाही, एक विचार आहे’. मग सूत्रसंचालक येतो आणि आपण आत्ताच ऐकलेल्या कवितेचा अर्थ आपल्याला समजावून सांगतो. त्याचं वाचन दांडगं आहे, मनाचा मोठा आहे, प्रत्येकाचं नाव न अडखळता घेतो. पण ऐकलेली कविता कानात जरा राहू द्यावी लागते, हे त्याला पटत नाही. त्याला रिकामी जागा दिसली की बोलावंसं वाटतं. रेडिओत असता तर मोठा झाला असता.

आणि तो सूर. तुम्ही अशा एका तरी संध्याकाळी गेला असाल तर ओळखाल. प्रत्येक ओळीच्या शेवटी आवाज जरासा वर उचलायचा आणि तिथेच सोडून द्यायचा. मग श्वास. पुढची ओळ त्याच पायरीवरून. प्रेम असो, मोर्चा असो, आजीची पाटी-पेन्सिल असो, चाल एकच. मोबाइलवरच्या व्हिडिओंतून पोरं तो उचलतात. डोळे मिटून ऐकलं तर एकच माणूस तासभर वाचतोय असं वाटतं. मी डोळे मिटूनच ऐकते, त्यामुळे मला जरा जास्तच त्रास होतो.

म्हणून जे त्या सुरातून सुटतात ते लगेच कळतात. एक उंच मुलगा आहे, रात्रपाळीत कस्टमर सपोर्टचं काम करतो. त्याने लिफ्टमधल्या रेकॉर्ड केलेल्या बाईवर कविता वाचली. ‘दरवाजे बंद होत आहेत’ म्हणणारी ती बाई. कविता भुजंगप्रयातात होती, ओळीला बारा अक्षरं, लगागा (एक लघु, दोन गुरू) चारदा. हल्ली पोरं वृत्तात लिहीत नाहीत म्हणणाऱ्यांनी यावं आणि ऐकावं. वृत्त लिफ्टच्या चालीला फिट्ट बसलं होतं, मजला, मजला, मजला, मजला. आणि मग लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकते, तिथे त्याने ओळ सहाव्या अक्षरावर तोडली आणि थांबला. उरलेल्या सहा अक्षरांची जागा त्याने तशीच मोकळी ठेवली. हॉलमध्ये कुणाला भुजंगप्रयात माहीत असेल नसेल, पण काहीतरी अडकलंय हे प्रत्येकाला कळलं. मागे एक खुर्ची करकरली, तीही ऐकू आली. अशा आवाजांसाठी आयुष्यभर बाया बसवून ‘कृपया’ म्हणवून घेणाऱ्या मला तर ती कविता जरा जास्तच लागली.

एक मुलगी गझला वाचते. तिचं लिखाण नेटकं आहे, काफिये, म्हणजे यमकं, घासून घेतलेले असतात. पण शेराच्या दुसऱ्या ओळीच्या शेवटी ती मान वर करून लोकांकडे बघते. दाद हवी असते, साहजिक आहे. मान वर गेली की तोंड माइकच्या वर जातं, आणि काफिया आणि त्यामागून दर शेरात तोच येणारा रदीफ, ज्यासाठी सगळा घाट घातला, तेवढेच हवेत विरतात. गझल शेवटच्या दोन-तीन शब्दांत राहते आणि तेच शब्द ऐकू येत नाहीत. पहिली ओळ म्हणताना खुशाल वर बघ, ती दोनदा म्हणतातच, दुसऱ्या ओळीला खाली राहा, असं मी तिला सांगितलं. पुढच्या वेळी तिने तसं केलं आणि ‘वा’ नेमक्या जागी आली. तिला वाटलं, गझल चांगली होती म्हणून. तेही होतंच.

एक जण चिडलेला आहे. कविता चिडण्यासारख्या विषयांवर, त्याचा राग खरा आहे, पण माइकमध्ये ओरडला की आवाज फाटतो आणि फाटलेल्या आवाजातून अर्थ गळतो. एकदा मध्येच लाइट गेली. सगळ्यांनी फोनचे दिवे लावले. तो माइक सोडून दोन पावलं पुढे आला आणि नुसत्या गळ्याने वाचायला लागला. माइक नव्हता, त्यामुळे ओरडायचं कारणच उरलं नाही. शब्द पोचवायचे म्हणजे सावकाश, तोंड उघडून, व्यंजनं ठोकून म्हणावे लागतात, ते त्याने आपोआप केलं. लाइट आली तेव्हा मी मनातून नाराज झाले. मराठीत हे जुनं आहे खरं तर. १९२३ साली सुरू झालेल्या रविकिरण मंडळाच्या कवींनी कविता लोकांसमोर म्हणायची सवय रुजवली, पुढे करंदीकर, बापट, पाडगावकर गावोगाव वाचत फिरले. या पोरांना वाटतं की हे सगळं बाहेरून, फोनमधून आलं. त्यांना कुणीतरी सांगायला हवं, पण शक्यतो सूत्रसंचालकाने नको.

गिटारबद्दल थोडक्यात. कवितेखाली गिटार वाजवू नका. १९५७ साली रेक्सरॉथ आणि लॉरेन्स फर्लिंगेटी यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘द सेलर’मध्ये जॅझबरोबर कविता वाचल्या हे मला माहीत आहे. पण त्यांच्या साथीला अख्खा बँड होता, इथे मित्राला येणाऱ्या चार कॉर्ड असतात. त्या चार कॉर्ड कवितेतल्या सगळ्या थांबण्याच्या जागा भरून टाकतात.

या संध्याकाळी मी जे ऐकलं त्यात सगळ्यांत चांगलं वाचन ज्याने केलं त्याने स्वतःची कविता वाचलीच नाही. वर्गातल्या मैत्रिणीची वाचली. ती समोरच बसली होती, तिला माइकची भीती वाटते. दुसऱ्याची कविता म्हणून त्याने घरी सराव केला होता. कुठे थांबायचं हे तिला विचारून घेतलं होतं, कागदावर पेन्सिलीने खुणा होत्या, मी नंतर पाहिल्या. स्वतःची कविता आपल्याला पाठ आहे असं वाटतं, म्हणून कुणी सराव करत नाही. दुसऱ्याच्या कवितेची जबाबदारी वाटते. सिक्स गॅलरीतही फिलिप लमांशियाने स्वतःच्या नव्हे, तर जॉन हॉफमन या वारलेल्या मित्राच्या कविता वाचल्या होत्या. संयोजकांनी महिन्यातून एकदा तरी ‘आज फक्त दुसऱ्याची कविता’ अशी संध्याकाळ ठेवावी. अर्थात कवीचं नाव सांगून.

दाद देण्याची पद्धत. इथे चुटक्या वाजवतात. गॅसलाइटमध्ये हवेच्या झरोक्यातून टाळ्यांचा आवाज वरच्या बिऱ्हाडांत जायचा, शेजारी तक्रार करायचे, म्हणून चुटक्या सुरू झाल्या असं सांगतात. या कॅफेच्या वर एक बँक आहे आणि ती संध्याकाळी बंद असते. तरी चुटक्या. कविता संपल्यावर वाजवल्या तर माझी हरकत नाही, पण लोक ओळीओळीला वाजवतात. चुटकीचा आवाज छोटा असला तरी तीक्ष्ण असतो, बरोबर व्यंजनांच्या पट्ट्यात पडतो, आणि पुढच्या ओळीचा पहिला शब्द खातो. शिवाय मशीनवाल्या मुलीची पंचाईत होते. तिला मोठ्या टाळ्याच लागतात.

न ऐकणाऱ्यांबद्दल माझं मत बहुतेकांना पटणार नाही. लॅपटॉप घेऊन, कानात हेडफोन घालून बसलेला एक जण नेहमी असतो. त्याच्याबद्दल कवी कुरकुरतात. मला त्याचं काही वाटत नाही. तो आवाज करत नाही. कॉफीहाउस सगळ्यांचंच असतं, आणि हे आजचं नाही. इस्तंबूलमध्ये १५५५ च्या सुमारास दोन सीरियन माणसांनी पहिली कॉफीहाउसं उघडली. तिथे कुणी पुस्तकं वाचत, कुणी बुद्धिबळ आणि सोंगट्या खेळत, तर कुणी आपली नवी कविता घेऊन येत, असं इतिहासकार पेचेवी लिहितो. म्हणजे पावणेपाचशे वर्षांपूर्वीही कवी फाशांच्या आवाजावर मात करून वाचतच होते. मला त्रास होतो तो आपल्या मित्राची कविता झाली की अख्खं टेबल उठून दाराशी जाऊन ‘भारी झाली रे’ करणाऱ्यांचा. दाराशी बोललेलं काचेवरून परत येतं आणि थेट माइकमध्ये शिरतं. पुढचा कवी बिचारा त्याच वेळी आपली पहिली ओळ म्हणत असतो.

आणि शूटिंग. पहिल्या रांगेत फोन उभे धरलेले असतात, त्यामुळे कवी श्रोत्यांकडे न बघता आपल्या मित्राच्या फोनकडे बघतो. त्या फोनला कॅफेचा सगळा गोंगाट ऐकू येतो, म्हणून रील टाकताना वर संगीत चढवतात. कॅफेने स्वतः माइकच्या मिक्सरमधून सरळ रेकॉर्डिंग करून ज्याचं त्याला द्यावं. जोडायला एक वायर लागते, ती मी आणून देते असंही सांगितलंय. कवीला विचारल्याशिवाय कुठेही टाकू नये, हे मात्र पाटीवर लिहून लावा. एका मुलीने घरी माहीत नसलेली गोष्ट कवितेत सांगितली होती. दुसऱ्या दिवशी ती घरी माहीत झाली.

खाण्यापिण्याबद्दल लोक विचारतील. कॉफी कडक, कप जाड, टेबलं डुगडुगती. एक पेय घेतलं की संध्याकाळभर बसता येतं, कुणी उठवत नाही. गार पेय मागवलंत तर बर्फ कपात टाकायला टाळ्यांची वाट बघावी लागेल, त्यात वाईट वाटून घेऊ नका.

कुणी जावं? ज्यांना कवितांचं वेड आहे त्यांनी, आणि त्याहून जास्त ज्यांनी बऱ्याच वर्षांत कविता मोठ्याने ऐकलेली नाही त्यांनी. चांगल्या कवितांची खात्री देता येत नाही. बावीसमध्ये तीन निघतात, कधी चार. प्रसिद्ध कवींच्या संमेलनात हे प्रमाण याहून बरं असतं असा माझा अनुभव नाही. ज्यांना पहिल्यांदा वाचायचं आहे त्यांनी मात्र इथूनच सुरुवात करावी, असं मी अगदी खात्रीने सांगेन. या कॅफेत कुणालाही हसत नाहीत. एक मुलगा अर्ध्यावर थांबला, त्याला पुढची ओळ आठवेना, फोनची बॅटरी संपलेली. पूर्ण हॉल थांबला. काउंटरवरच्या मुलीने चार्जर नेऊन दिला, फोन सुरू व्हायला वेळ लागला, तोपर्यंत त्याने शेजारच्यांना कवितेचा उरलेला भाग तोंडी, गोष्टीसारखा सांगितला. नंतर वाचलेली कविता त्या सांगण्याइतकी चांगली नव्हती.

नाव नोंदवायची वही काउंटरच्या डाव्या बाजूला, बरणीमागे असते. सुरू व्हायच्या अर्धा तास आधी गेलात तर पहिल्या सहांत नंबर लागतो, पण तेव्हा मागच्यांना ऐकू जात नसतं. सातव्या ते दहाव्या नंबरावर नाव घाला, तोवर व्हॉल्यूम कुणीतरी नीट केलेला असतो. कविता कागदावर घेऊन जा, अक्षर मोठं काढा, आणि पानांना नंबर घाला.